आमच्या केंडाचा चातुर्मास

कामोठे,
गणपती उरकल्यानंतरचा मंगळवार

सौ. सुनीतीताईस,

धाकट्या प्रसादचा साष्टांग नमस्कार (बादल्या उचलून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी तीनच अंगं पोचतील, बाकीची पोचली असं समज). तुझा गुडघा कसा आहे? दिलीपरावांचा खोकला गेला का? आम्ही सगळे बरे आहोत. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन लावला की आई शेजारी येऊन बसते, आणि यातलं काही तिच्या कानावर जायला नको.

आमच्या सईने हॉस्टेलला जाताना आपला मासा माझ्या गळ्यात बांधला, हे तुला ठाऊकच आहे. दुकानात त्याला पफर म्हणतात. हिरवट अंगावर काळे ठिपके, एरवी लिंबाएवढा आणि रागावला की फुगून मोसंब्याएवढा. पाणी त्याला निमखारं लागतं, म्हणून मी रोज मीठ मोजतो (सुमेधा म्हणते, एवढं लक्ष आमटीकडे दिलंत तर बरं). पण काय मासा आहे, ताई! दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. मी ऑफिसातून आलो की काचेपाशी येऊन नाचतो. या घरात माझं एवढं स्वागत दुसरं कोणी करत नाही. फक्त बिचारा एकटा वाटायचा. दिवाळीत सई येईल तेव्हा तो खुशीत दिसायला हवा, म्हणून मी त्याच्यासाठी सोबती बघायला निघालो आणि माझी साडेसाती सुरू झाली.

आमच्या सेक्टरमधला माशांचा दुकानदार शिवतेज म्हणाला, "अंकल, टेन्शन नका घेऊ, मॉली टाका. खाऱ्यात पण मस्त राहते." चार मॉली आणल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या शेपट्या नव्हत्या, सहाव्या दिवशी मॉलीच नव्हत्या. मग मोनो नावाचे रुपेरी, चपळ मासे आणले. ते वाचले, पण त्यांच्या परांची झालर झाली. त्यानंतर आणलेला गोबी नावाचा मासा इतका शहाणा, की पहिल्याच दिवशी पाइपात शिरला तो पुन्हा कोणाला दिसला नाही. आता खरं सांगतो. आईने देवशयनीलाच फर्मान काढलं होतं, की ज्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही तिथे कोळंबी येणार नाही. तेव्हापासून मासा मुगाच्या डाळीवर आणि शेवयांवर होता, एकादशीला भिजवलेला साबुदाणा. तो एक दाणा तोंडात घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि थुंकायचा. शेवटी काचेपाशी येणंच त्याने सोडलं. कोपऱ्यात पडून राहायला लागला, तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. सईला काय तोंड दाखवणार होतो मी?

कोणीतरी सांगितलं, खाडीच्या चिखलातला निवटा मासा त्याच्याबरोबर टिकेल. म्हणून गेल्या मंगळवारी रजा टाकून, मासा झाकणाच्या बादलीत घालून, स्कूटरने थेट मोऱ्याला तुझ्या दारी आलो. तू शाळेत होतीस. तुझ्या सासूबाईंनी, राहीबाईंनी, तुला निम्मंच सांगितलं असेल, कारण स्वतःचं कौतुक करायची त्या माउलीला सवय नाही. राहीबाई अंगणात निवटेच साफ करत होत्या (म्हणजे ज्याला मी सोबती म्हणून न्यायला आलो, तो कालवणात निघाला होता). त्यांनी झाकण उचललं. "अगो बाय, यो त केंड हाय! आमची जाली फारतंय म्हनून आमी याला फेकून देतो, आनि तू बादलीन फिरवतंस? काय घालतंस त्याला खायाला?" मी साबुदाणा म्हणालो. दुसरं कोणी असतं तर गडाबडा लोळलं असतं. त्या हसल्या नाहीत. आत जाऊन मूठभर बारीक तिसऱ्या आणल्या आणि एक शिंपल्यासकट पाण्यात सोडली. केंडाने एक डोळा फिरवला आणि कुडूम! मग दुसरी, मग तिसरी. "पोरा, त्याला जोरीदार नको. केंड एकलाच बरा. दात वाढतान त्याचं, शिंपला फोरल्याबिगर झिजत नाय." शिवतेजला आणि माझ्या मोबाइलला दोन महिन्यांत जे उमगलं नाही, ते या बाईंनी उकिडवं बसून दोन मिनिटांत सांगितलं. मला खरोखर त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आणि मग त्यांनी विचारलं, "जेवतंस?" ताई, तुझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. आई तुझा उंबरा चढली नाही, आणि मी कधी आलो तरी चहापलीकडे काही घेतलं नाही. जीभ सवयीने म्हणाली, "नको, उपास आहे." मंगळवारी मी कधी उपास करत नाही, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असणार. निघताना हातात तिसऱ्यांची पिशवी दिली आणि एक पुडकं. "दुसऱ्या तव्यावर केल्यान," एवढंच म्हणाल्या. जासईला कंटेनरच्या रांगेशेजारी स्कूटर लावून पुडकं उघडलं. तांदळाच्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मासळीचा वाससुद्धा नाही. मी उभ्यानेच खाल्लं आणि मला रडू आलं. असं माणूस आपण बारा वर्षं लांब ठेवलं, याची फार लाज वाटली.

मोनो आणि गोबी शिवतेजला परत केले. केंड पुन्हा काचेपाशी नाचतो आहे. सासूबाईंना माझा नमस्कार, तो मात्र आठही अंगांनी.

तुझा,
प्रसाद

ता. क. – तिसऱ्या संपत आल्या. दिलीपराव रोज जासईच्या यार्डात कामाला येतात, तर शनिवारी त्यांच्याबरोबर पिशवी पाठवशील का? मी तिथे येऊन घेईन. आईला मी मूगच सांगितलं आहे.

ता. क. २ – पत्र लिहायला बसलो ते तिसऱ्यांसाठी नाही. रविवारी मी जेवायला येऊ का?

ता. क. ३ – चि. सुनीती, हे मी, तुझी आई, लिहिते आहे. प्रसाद पाकीट उघडं टाकून अंघोळीला गेला. मासा मूग खात नाही हे मला आठ दिवस माहीत आहे. त्याचा कुडकुड आवाज देवघरापर्यंत येतो आणि मी बहिरी नाही. रविवारी मीही येते. माझा नेम आहे, मला वरणभात पुरे. पण मला वेगळी बसवू नकोस. विहीणबाईंच्या शेजारी पान मांड.