भेटण्याची वेळ चार ते पाच

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस, परदेशातून आलीच आहेस तर अप्पांजवळ गावी राहा, शांतता मिळेल. शांतता कसली डोंबलाची! इथे दार वाजवायची पद्धतच नाही. काल मी केस पुसत न्हाणीतून बाहेर आले, तर शेजारच्या शिंपीणकाकू माझ्या पातेल्यांची झाकणं उघडून बघत होत्या. वर मलाच ऐकवलं, भाजीत मीठ कमी आहे. सुतारकाका सकाळी येतात ते जेवणवेळेपर्यंत अप्पांच्या खाटेवरून हलत नाहीत. माझं डोकं भणभणतं. अप्पांनाही विश्रांती हवीच की.

आजपासून दाराला आतून कडी. बाहेर पाटी लावली आहे, भेटण्याची वेळ चार ते पाच. बसा म्हणावं आता.

लोभ आहेच, तो वाढवायला सवडीने ये.

तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, खरं तर तुझे कान उपटायला हवेत. अप्पांचा फोन आला होता. विचारत होते, गावात कसली साथ आली आहे का, कोणीच कसं फिरकत नाही. त्यांना दिसत नाही, तुझी पाटी त्यांना कशी कळणार? तूही सांगितलं नाहीस. घर आहे की दवाखाना?

आपण दोघी लांब होतो तेव्हा त्यांच्यापुढे ताट कोणी ठेवलं? दाढी कोणी केली? तू दमून आलीस, कबूल. पण स्वतःच्या विश्रांतीला अप्पांचं नाव देऊ नकोस. पाटी काढ आणि त्या दोघांच्या घरी जाऊन ये.

माया आहे म्हणूनच इतकी चिडले आहे, हे ध्यानात असू दे.

ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी काढली. अप्पांना सगळं सांगितलं. दोघांकडे जाऊन नाक घासून आले. संध्याकाळी ते आले, पण उंबऱ्याबाहेर थांबून विचारलं, येऊ का. अप्पांच्या दारात जन्मात कोणी असं विचारलं नव्हतं. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी सुतारकाकांना सांगितलं, माझी खाट उचला.

नेली गं, शिंपीणकाकूंच्या पडवीत. मी थयथयाट केला, मी लेक आहे की कोण म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, लेक आहेस म्हणून तर ओरडलो नाही. मला त्यांचा राग येतो, तुझा येतो, आणि माझा तर इतका येतो की घास उतरत नाही.

रोज तिथे जाते. सगळे सरकून जागा देतात, पाणी पुढे करतात, बोलणं मात्र मी आले की थांबतं. काल निघाले, तर अप्पांनी शिंपीणकाकूंना सांगितलं, पाहुण्यांना दारापर्यंत सोडा.

लोभ ठेव. सध्या तेवढा तुझ्याकडूनच आहे.

धाकटी