गोठ्यात कुणाला पाठवू

मंगळवार, संध्याकाळ

...मी शेण भरत होते, हे धार काढत होते. पुराच्या आदल्या दिवसाची ती साधी सकाळ आज परत आठवली. दुसऱ्या दिवशी म्हशींची दावी सोडायला हे गोठ्यात परत गेले, ते पुरात गेलेच.

लेकीने, सुजाताने, सांगलीची नोकरी सोडून पुरातलं गाव जगवायचा कॉम्प्युटरवरचा गेम बनवलाय. आता तो विकायला काढायचा. आज मलाच खेळायला बसवलं. गेममध्ये पाणी चढत होतं, गोठ्यात म्हशी बांधलेल्या.

"आई, कुणाला तरी पाठव. म्हशी गेल्या तर गाव उपाशी मरंल."

"तूच पाठव की."

"मला न्हाई जमत. म्हणून तर तुला बसवलं."

माझाही हात उठेना. म्हशी बुडाल्या, मग गावही संपलं. पोरीला स्वतःचाच गेम खेळवत नसेल तर पुढं कसं व्हायचं? गोठा काढून टाक म्हणू का?

बुधवार

गोठा काढून टाक म्हटलं नाही; सुजाताला शेजारी बसवलं आणि मी गेममधल्या एका माणसाला गोठ्यात पाठवलं.