आजोबांचं जाळं आणि वांग्यावरचा शिंपी

आशागड,
मंगळवार, ११ जुलै २०१७

तीर्थस्वरूप हरेश्वरमामांच्या पायांवर नयनने इथूनच डोकं ठेवलं आहे. वेणूमामींनाही तसाच नमस्कार, आणि हे पत्र तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या तुमच्या शितलला आशीर्वाद. (शितल, कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी आहे. तो मनात वाच आणि वाचताना चेहरा सरळ ठेव. तू नववीत आहेस, एवढं जमायला हवं.)

तुमचा गुडघा कसा आहे? होडी वर ओढताना तुम्ही पुन्हा पुढे उभे राहिलात हे निलमताईंनी सांगितलं. त्या दर मंगळवारी सुकी मासळी घेऊन इकडे येतात, तेव्हा धाकट्या डहाणूची सगळी खबर बोंबलांच्या वासासकट माझ्या ओट्यावर येऊन बसते. मामींचा खोकला कमी झाला का? पावसाळ्यात ओलीत उभं राहून त्या भांडी घासतात, ते बंद करा म्हणावं. माझी तब्येत चांगली आहे. शाळेच्या ऑफिसातलं कामही ठीक चाललं आहे. हेडमास्तर परवा म्हणाले की, एका दाखल्यावरची जन्मतारीख पाच वेळा तपासायची गरज नसते, दोनदा पुरे. मी आता तीनदा तपासते.

मामा, हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही आधी "हां, बोल" म्हणता आणि मी श्वास घेईपर्यंत "बरं, ठेवतो" म्हणता. शिवाय तुम्ही येत्या रविवारी पेरूवरचं जाळं बघायला येणार आहात, आणि त्या जाळ्याबाबत मला तुम्हाला काही कबूल करायचं आहे. ते तुम्ही इथे येऊन स्वतः बघण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. म्हणून हे पत्र निलमताईंच्या टोपलीतून पाठवते आहे. सोबत पाच पेरू आहेत, गोड मानून घ्या. (शितल, पेरूंबद्दल शेवटी काही आहे. तोवर खाऊ नका.)

सुरुवात मुळापासून करते. मे महिन्यात मी तुमच्याकडे तक्रार केली होती की, मी भाड्याने राहते त्या रखमीकाकींच्या परसातला पेरू पाखरं माणसाला मिळू देत नाहीत. मी ते सहज बोलले होते. तुम्ही मात्र जून लागून होड्या वर आल्याबरोबर आजोबांचं जुनं बारीक आसाचं, बोटभर चौकोनांचं जाळं खांद्यावर घेऊन एसटीने आशागडला आलात. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं तरी तुम्ही ते टपावर टाकू दिलं नाहीत. दिवसभर शिडीवर राहून तुम्ही झाडावर, आणि झाडाखालच्या वांग्यांच्या वाफ्यावरसुद्धा, ते असं बसवलंत की शेजारपाजारचे लोक बघायला आले. जाताना तुम्ही म्हणालात, "आता एक पाखरू आत गेलं तर माझं नाव बदल." मामा, नाव बदलण्याची काही गरज नाही. जे झालं त्यात दोष माझा आहे.

जाळं बसल्यावर मी रोज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसू लागले, पाखरं निराश होऊन कशी जातात ते बघायला. (हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.) ती निराश झाली नाहीत. ती नुसती बाहेर बसली, आणि बाहेर बसल्यामुळे मला पहिल्यांदा नीट दिसली. दयाळ नावाचा एक पक्षी आहे, काळापांढरा, शेपूट वर करून उभा राहतो. तो विजेच्या खांबावर बसून सकाळी इतकं मनापासून गातो की, मी दोन वेळा ऑफिसला उशिरा पोचले आणि दोन्ही वेळा हजेरीपटावर खरी वेळ लिहिली. सातभाई म्हणून मातकट पाखरांची एक टोळी येते. ती पालापाचोळा उलटतात आणि आपसात असा कलकलाट करतात की, डोळे मिटले तर बंदरावर मासळीचा लिलाव चालला आहे असंच वाटावं; आणि लिलावासारखंच, एवढं भांडून झाल्यावर सगळी एकमेकांना खेटून एका फांदीवर बसतात. जास्वंदीवर शिंजीर येतो. तो अंगठ्याएवढा असतो, पण उन्हात वळला की ताज्या बांगड्याच्या पाठीसारखा निळा-हिरवा चमकतो. माझं सगळं लहानपण तुमच्या अंगणात मासळीवरून कावळे हाकण्यात गेलं. पाखरू दिसलं की हात आपोआप वर जायचा. तो हात खाली ठेवला की एवढं काही दिसतं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

रखमीकाकी या पाखरांना जन्मापासून ओळखतात. कोणतं कधी घरटं करतं, कोणाचं ओरडणं कशासाठी असतं, हे त्या भात सडता सडता मान वर न करता सांगतात. मी वही घेऊन लिहून घेते. त्यांचं म्हणणं असं की, एवढ्या शाळा करून बाय आता कोंबडी ओळखायला शिकते आहे.

आता तो दिवस. सतरा जून, शनिवार. मी वांग्यांना शेणखत घालायला जाळ्याचा कोपरा उचलला आणि काम झाल्यावर त्यावर दगड ठेवायला विसरले. हे मी का विसरले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पिवळाधमक हळद्या पक्षी आला होता आणि मी वर बघत होते, याखेरीज कारण सापडत नाही. थोड्या वेळाने बघते तर भारद्वाज आत. रखमीकाकी त्याला कुकुडकोंबा म्हणतात. कावळ्याहून मोठा, काळा, पंख विटकरी आणि डोळे लालभडक. तो उडण्यापेक्षा चालतो जास्त, आणि चालतो असा की शाळा तपासायला साहेब आले आहेत. गोगलगायीच्या मागे तो त्या कोपऱ्यातून चालत आत गेला असणार. मला बघून मात्र त्याचा सगळा रुबाब गेला. तो जाळ्यावर धडका देऊ लागला.

मामा, आपल्या घरात जाळं ओलांडत नाहीत आणि जाळ्याला पातं लावत नाहीत. अडकलेलं काही असलं तर गाठ सोडवून काढायचं, हे मला बाराखडीच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून मी गाठ सोडवायला बसले. आजोबांची गाठ तुम्हाला माहीतच आहे. माझी नखं तुटली, गाठ हलली नाही. तुम्ही शितलच्या दादाला जाळं विणायला बसवायचात तेव्हा मला म्हणायचात, "तू पुस्तक धर, तुझ्या बोटांना सुतळीचे घट्टे नकोत." ती बोटं घेऊन मी तिथे बसले होते, आणि तो आत चोच उघडी टाकून धापा टाकत होता. रखमीकाकी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काप ना बाय. जाळ्याची पूजा मांडलीस का?"

मी कापलं. (शितल, इथे थांब. बाबांना पाणी दे. मग पुढे वाच.)

कात्रीने कापलं, आणि कात्री शाळेची होती. फायलींच्या चिठ्ठ्या कापायला मी ती घरी आणली होती. सरकारी कात्री खाजगी कामाला वापरल्याचं सोमवारी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, चहा घ्या. मी सतरा आस कापले. प्रत्येकाआधी मनात आजोबांची क्षमा मागितली, त्यामुळे वेळ लागला. सतरावा कापून मी वर बघितलं तर भारद्वाज आत नव्हता. ज्या उघड्या कोपऱ्यातून तो आत गेला होता त्याच कोपऱ्यातून तो चालत बाहेर पडला होता, आणि रखमीकाकींच्या कोंबड्यांमधून साहेबासारखा निघाला होता. रखमीकाकी ओट्यावर बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला रडू आलं. पण मामा, तो कुंपणावर चढून उन्हात पंख पसरून बसला तेव्हा ते विटकरी पंख असे पेटल्यासारखे दिसले की, मी रडता रडता बघत राहिले.

कोपऱ्यावर मी दोन दगड ठेवले. भोक मात्र तसंच राहिलं. मी ते शिवायचा प्रयत्न केला, पण टाका सुटला. आठवडाभराने त्या भोकातून एक पाखरू आत-बाहेर करताना दिसलं. हिरव्या पाठीचं, तांबूस डोक्याचं, मूठभरसुद्धा नाही, आवाज मात्र परसभर. शिंपी. त्याने आणि त्याच्या मादीने वांग्याचं एक मोठं पान वळवलं, कडांना चोचीने भोकं पाडली आणि त्यातून धागे ओवून पानाचा द्रोण शिवला. हातात सुई नाही, मुळात हातच नाहीत. आणि धागा कुठला? तुम्ही जाळ्याच्या कडेला जी सुती दोरी गुंफलीत तिचा पिंजलेला कापूस. एकेक तंतू ओढून नेताना मी त्यांना बघितलं आहे. आजोबांनी विणलं, तुम्ही कडा बांधली, आणि उरलेलं काम या पाखरांनी केलं. आपल्या घराण्यात इतका बारीक टाका कोणी घातला नसेल. (शितल, हे वाक्य जरा हळू वाच.)

शनिवारी त्यातून तीन पिल्लं निघाली. आई-बाप दिवसभर अळ्या घेऊन त्या सतरा आसांच्या भोकातून ये-जा करतात. दुसरी वाट नाही. मांजर येतं, जाळ्याभोवती फिरतं आणि निघून जातं. कावळा जाळं बघून जवळ येत नाही. म्हणजे तुमचं जाळं काम करतं आहे, मामा, आणि फार चांगलं करतं आहे. फक्त पेरूसाठी नाही.

असो. पत्र लांबलं. रविवारी अवश्य यावं, मामींना आणावं. रखमीकाकींनी कोंबडी देऊ केली आहे.

आपली आज्ञाधारक,
नयन

ता. क. खरी विनंती वर लिहिण्याचा धीर झाला नाही, ती इथे लिहिते. रविवारी कृपया भोक शिवू नये. तुमचा हात मला माहीत आहे. जाळं फाटलेलं दिसलं की तुम्ही चपला काढायच्या आधी सुई काढता. ते भोक बंद झालं तर पिल्लं आत आणि आई-बाप बाहेर राहतील. रखमीकाकी म्हणतात, उडायला अजून बारा दिवस. मी कॅलेंडरवर पंधरा धरले आहेत.

ता. क. दुसरं. पाठवलेले पेरू आपल्या झाडाचे नाहीत. डहाणूच्या बाजारातून आणले आहेत. आपल्या झाडावर एकही उरला नाही. त्या भोकातून बुलबुलही आत जातात, आणि आता कावळ्याची भीती नसल्यामुळे सावकाश बसून खातात. (आता खा.)

ता. क. तिसरं. शिवू नका म्हटलं तरी सुई आणा. पंधरा दिवसांनी ते भोक मी बुजवणार आहे, आजोबांच्याच गाठीने, आणि ती गाठ तुम्ही मला शिकवायची आहे. बोटांना घट्टे पडले तर पडू देत. (शितल, तूही ये आणि शिक. आणि एवढं वाचून बाबा हसले की नाही ते रविवारची वाट न बघता मला फोनवर सांग. हसले नसतील तर खोटं सांगू नकोस, पण मग रविवारीच सांग.)