गाडी कधी चालवायची नाही

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटीसुद्धा लागली नव्हती. आता बोरगाव मेघेत रस्त्यालगत माझं ऑफिस आहे, शिकवायच्या दोन गाड्या आहेत, आणि दर रविवारी सकाळी तिथे एक वेगळाच वर्ग भरतो. दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलेले, कोर्टात शिक्षा झालेले, लायसन हातातून गेलेले ड्रायव्हर त्या वर्गाला येतात. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. लोक माझं कौतुक करतात, आणि मला आतून सारखं वाटत राहतं की हे कौतुक चुकीच्या पत्त्यावर येतंय.

सुरुवात एका बाईमुळे झाली. तिचा नवरा माझ्याकडेच गाडी शिकला होता. हात चांगला होता त्याचा. पुढे त्याने मालवाहू टेम्पो घेतला, समुद्रपूरकडचा कापूस आणायला लागला. एकदा पिऊन येताना त्याच्या टेम्पोने सायकलवरच्या एका म्हाताऱ्याला उडवलं. म्हातारा वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. कोर्टात निकाल लागला, शिक्षा झाली, ती भोगून तो घरी आला, आणि पुन्हा प्यायला लागला. मग एका दुपारी ही बाई त्याला घेऊन माझ्या ऑफिसात आली. तो दाराबाहेरच उभा, मान खाली. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताई, याले गाडी तुमीच शिकवली ना?" मी हो म्हटलं. "मंग गाडी कधी नाई चालवाची, हेबी तुमीच शिकवा." मी तिला समजावलं की हे काम पोलिसांचं, डॉक्टरांचं. ती जागची हलली नाही. "पोलिसायनं पकडलं, डाक्टरनं गोळ्या देल्या. शिकवलं कोनीच नाई." मी म्हटलं, रविवारी सकाळी याला पाठवा, आणि याच्यासारखे आणखी कोणी असतील तर त्यांनाही. ती गेल्यावर मला काकाच्या लग्नाचा दिवस आठवला.

आपलं वऱ्हाड भाड्याच्या मेटॅडोरने सेलूला निघालंय. तुम्ही एसटीच्या ड्रायव्हरकीतून सुट्टी काढलीय, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय. वाटेत चहाला गाडी थांबते, ड्रायव्हर हॉटेलच्या मागे जातो आणि परत येतो तो झोकांड्या खात. तो स्टिअरिंगवर बसतो. तुम्ही खिडकीपाशी जाऊन हात पुढे करता. "भाऊ, किल्ली दे."

"काऊन? मी काय पह्यल्यांदा चालवून राह्यलो काय?"

मागून मोठे काका ओरडतात, "जाऊ दे न बा! थोडाच रस्ता राह्यला. मुहूर्त टळंल!" तुम्ही वळून फक्त एवढंच म्हणता, "उतरा सगळे." आणि आई सगळ्यांत आधी उतरते, माझा हात धरून. मग बायका, मग पोरं, शेवटी फेटा बांधलेला नवरदेव. भर उन्हात सगळं वऱ्हाड बाभळीखाली बसलंय. ड्रायव्हर तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या देतोय आणि तुम्ही त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलात, त्याचं ऐकत. किल्ली हिसकावून घेणं तुम्हाला सहज जमलं असतं, तुमच्या मनगटांत तेवढी ताकद होती. तुम्ही वाट पाहिली. शिव्या संपल्यावर तो रडायला लागला. न घेता हात थरथरतात, म्हणाला, स्टिअरिंग धरताच येत नाही. मग त्याने स्वतःच किल्ली काढून तुमच्या हातावर ठेवली. गाडी तुम्ही चालवली, पण त्याला मागे नाही टाकलं, शेजारीच बसवलं, आणि सेलूपर्यंत विचारत राहिलात, पुढचा पूल कसा आहे, या वळणावर तू काय करतोस. तो सांगत गेला. मुहूर्त टळलाच. मोठे काका पुढे कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. पंगतीत मात्र तो ड्रायव्हर तुमच्या पाटाशेजारी जेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलात, हे आईने मला खूप नंतर सांगितलं.

पहिल्या रविवारी मी यातलं काहीच केलं नाही. अपघातांचे फोटो भिंतीवर लावले आणि भाषण ठोकलं. आलेली माणसं दगडासारखी बसून होती. शेवटी एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "म्याडम, आपल्या जिल्ह्यात तं दारूच बंद हाय. मंग आमी काय पानी पेलो?" सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि भाषण तिथेच संपलं. मी फोटो काढून टाकले, त्यांना गाडीत बसवलं, एकेकाला आळीपाळीने माझ्या शेजारी, आणि त्यांच्याच रोजच्या रस्त्यावर गाडी हळूहळू चालवत विचारत गेले, इथे काय दिसतं तुम्हाला? टेम्पोवाल्याची पाळी आली. मग कापूस वेचायला निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेने येताना दिसल्या आणि तो एकदम म्हणाला, "ताई, थांबा जरा." मी गाडी बाजूला घेतली. "याच रस्त्यानं मी पेऊन जात होतो," तो म्हणाला, "अन् ह्या बाया तवाबी चालतच असतीन ना?" त्या दिवशी त्याला मी आणखी काही शिकवलं नाही.

सगळं चांगलंच झालं असं नाही, बाबा. तो ट्रॅक्टरवाला पुन्हा पकडला गेला. पुढच्या रविवारी येऊन फाटकाबाहेर घुटमळत होता. मला भयंकर संताप आला होता, तरी मी म्हटलं, "या, आत बसा." टेम्पोवाल्याने दारू सोडलीय, लायसन परत मिळालंय. त्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं जायचं म्हणतो, पण अजून त्याचे पाय उचलत नाहीत. बायको मात्र दर रविवारी त्याच्यासोबत येते आणि नव्या माणसांसाठी चहा ठेवते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते मी लिहायला बसतानाच जाणून होते. फक्त एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. वर्गात सेलूच्या लग्नाची गोष्ट सांगितली की कोणीतरी हमखास विचारतो, "तुमच्या बाबाले त्यानं एवढ्या शिव्या देल्या, त्यायले राग नाई आला?" मी दर वेळी छातीठोकपणे सांगते, नाही आला. खरं तर मला माहीत नाही, बाबा. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.