धुळीला दाणा नसतो

३ नोव्हेंबर

आईला फोटो मोठा करून हवाय. केवढा? तर म्हणे, "कपाटापासून खिडकीपर्यंत." मोजलं – चार फूट! म्हटलं, आई, त्याची निगेटिव्ह माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे. "मग? तीस वर्षं लोकांचे फोटो मोठे करतेस, आईचाच तेवढा जड झाला?"

काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तिला लागलंय. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे, तो पसरतोय. त्यावर ऑपरेशन नाही. "फार तर तीन-चार महिने," ते मला हळूच म्हणाले. हळूच कशाला! आईचे डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत. घरी आलो. दार उघडलं तशी म्हणाली, "तळ्याकाठचा तो फोटो मोठा कर. एकदा नीट बघून घेते."

५ नोव्हेंबर

निगेटिव्ह सापडल्या. बाबांचं पाकीट, बाबांचं अक्षर, तारीख, आणि खाली "तळं". बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ते अक्षर बघितलं की अजून माझी पाठ आपोआप ताठ होते.

त्यांच्या त्या काटकसरी कॅमेऱ्यातली फिल्म. एका रोलवर छत्तिसाच्या जागी बहात्तर फोटो निघायचे, पण प्रत्येक फोटो नेहमीच्या अर्धा. आत्या म्हणायची, "म्हणजे आम्ही पण अर्ध्याच येणार का रे?" तळ्यावर गेलो त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा तो कॅमेरा माझ्या हातात दिला. मी एकोणीस वर्षांची. सूर्य पाठीशी ठेव, म्हणाले. म्हणून आई, बाबा आणि आत्या काठावर, पाण्याकडे पाठ करून बसले. मी समोर.

दादा नव्हता. सकाळीच त्याचं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला दूरच्या शहरात नोकरी धरायची होती, बाबांना त्याच्या हाती फोटो धुवायची डार्करूम सोपवायची होती. "तुम्ही जा तळ्यावर. मी येत नाही." संध्याकाळी परत आलो तर घर रिकामं, सायकल नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर! दोन दिवसांत येईल, सगळे म्हणाले.

एकतीस वर्षं झाली. आई अजून वाट बघते. फोन वाजला की – "दादाचा असेल, घे लवकर." पुढच्या दाराची कडी बदलू देत नाही, "त्याला हीच उघडता येते." खरं सांगायचं तर मी हे घर सोडलं नाही ते तेवढ्यासाठीच. तिला एकटीला वाट बघत ठेवून कुठे जाणार होते?

६ नोव्हेंबर

आईला हवा असलेला फोटो बावन्न नंबरचा. त्यात बाबांचे डोळे मिटलेत! त्रेपन्नमध्ये उघडे आहेत, आणि आईही छान हसतेय. म्हटलं, त्रेपन्नच मोठा करू. "नको. अल्बमातला तोच." अगं, मिटल्या डोळ्यांचे बाबा, तेही चार फुटांत! "असू देत. तेवढेच गप्प दिसतात."

हट्टाला पेटली की तिच्यापुढे कोणाचं चाललंय!

७ नोव्हेंबर

फोटो मोठा करायचा एन्लार्जर आडवा करून समोरच्या भिंतीवर रोखला. अंतर पुरेना, म्हणून टेबल मागे भिंतीला टेकवलं. आता दारापर्यंत जायचं तर टेबलाखालून. या वयात पुन्हा रांगतेय!

भिंतीवर सगळं उलटं – चेहरे काळे, पाणी उजळ. उजव्या बाजूला पाण्यावर एक काळा ठिपका. कागदावर तो पांढरा येणार. धूळ.

आणि ही धूळ माझ्या जुन्या ओळखीची! मी आयुष्यात छापलेली पहिली प्रिंट याच फोटोची, पोस्टकार्डाएवढी. पाण्यावर पांढरा ठिपका आला होता. बाबांचा सर्वांत बारीक कुंचला घेतला, राखाडी रंग केला, आणि श्वास रोखून ठिपका भरून टाकला. पाण्याला पाणी मिळालं. नाचतच बाबांना दाखवायला गेले, ठिपका कुठे होता तेही सांगितलं. ते प्रिंट बघत राहिले. मग निगेटिव्ह घेऊन दिव्यापाशी गेले, भिंग शोधलं, बराच वेळ परत आलेच नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "बरं केलंस." त्या दोन शब्दांवर मी हा धंदा धरला.

आज ब्रशने झटकली, पंपाने हवा मारली. ठिपका जागचा हलत नाही.

८ नोव्हेंबर

निगेटिव्ह धुतली, वाळवली. ठिपका आहेच. चिवट आहे मेला!

९ नोव्हेंबर

धूळ नाही.

फोटो भिंतीवर नीट रोखला गेलाय की नाही ते आम्ही भिंग लावून बघतो. भिंगात फिल्मचे दाणे दिसतात, रव्यासारखे. कॅमेऱ्यासमोर जे जे असतं ते सगळं दाण्यांनीच बनतं – नाक, दगड, पाणी. धूळ मागाहून येऊन बसलेली असते. तिला दाणा नसतो. ती सपाट, काळीकुट्ट, कडा धारदार. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे सांगते. आणि मी स्वतः कधी बघितलं नाही!

ठिपक्यात दाणे आहेत.

दिवा लावला, टेबलाखालून बाहेर आले, आईला चहा करून दिला. साखर घालायची विसरले. "काय गं, लक्ष कुठे आहे?" काही नाही म्हटलं, रसायनांनी डोकं उठलंय.

१० नोव्हेंबर

डार्करूम उघडली नाही. कपाटं आवरली. एकच कपाट, तीनदा.

११ नोव्हेंबर

केवळ तेवढ्या भागाची प्रिंट केली. तळहाताएवढा तुकडा.

लाल दिव्यात कागद डेव्हलपरच्या द्रावणात सरकवला. आधी सगळा पांढरा. मग पाणी काळवंडत आलं, डावीकडून, वरून, खालून. पांढरं काही उमटत नाही, ते नुसतं उरतं. सगळीकडून पाणी येत गेलं आणि मधे उरला तो – पांढरा शर्ट, वर डोकं, आणि वर केलेला एक हात.

मग एक्कावन्न छापला. पलीकडच्या काठावर झाडाला टेकवलेली सायकल, शेजारी कोणीतरी उभं, पांढऱ्या शर्टात. त्रेपन्न छापला. सायकल तिथेच; बावन्नमध्ये ती आत्याच्या डोक्याआड गेलीय. पाण्यावर काही नाही.

पळून गेला नव्हता दादा. आमच्या मागोमाग आला होता! भांडण मिटवायला आला असणार. पोहत येऊन बाबांच्या मानेवर गार हात ठेवायचा – त्याची खोडच ती. कपडे काढायचासुद्धा धीर नव्हता त्याला.

बावन्न आणि त्रेपन्नच्या मधे किती वेळ गेला? आत्या म्हणाली, "अरे, डोळे मिटलेस तू, परत काढायला लाव." सगळे हसले. बाबांनी केस सारखे केले. मी फिल्म पुढे सरकवायचं चाक फिरवलं. एक मिनिट? दोन? आत्या हसायची ते पार पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. त्यात त्याची हाक काय ऐकू येणार होती?

१२ नोव्हेंबर

तिघांची पाण्याकडे पाठ होती. पाण्याकडे तोंड करून होते ती मी एकटी.

१३ नोव्हेंबर

तो तुकडा पालथा घालून ठेवला, वर जाड पुस्तक ठेवलं. तरी त्या खोलीत पाठ करून उभं राहवत नाही. नळ बंद असताना पाण्याचा आवाज येतो. वॉशर बदलला. तरी येतो.

मी बघितलं होतं का? सारखं आठवायचा प्रयत्न करतेय. कॅमेऱ्याच्या काचेतून मी बाबांचे डोळे बघत होते, एवढंच आठवतं. पण काचेत पाणीही होतंच ना! डोळ्यांसमोर होता आणि मी बटण दाबलं. आणि वर कुंचला घेऊन भरून टाकला. आणि शाबासकी घेतली!

दुपारी फोन वाजला. आई आतून, "दादाचा असेल!" कुठल्याशा बँकेचा होता. म्हटलं, बँकेचा. "बरं," म्हणाली, "उद्या करेल."

१४ नोव्हेंबर

ती हा फोटो नुसता बघणार नाही, चाळणार आहे. मोठं भिंग आणून ठेवलंय, मान तिरपी करून नजरेच्या कडेने एकेक इंच बघायची सवय करतेय. पाण्यापर्यंत पोचणारच. डोळे जातायत तेवढं पुरे नाही का? तिचं वाट बघणंही मीच काढून घेऊ? वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी तिला काय सांगू – दार लावून घे आता, कोणी येणार नाही?

नाही. तिला कळता कामा नये.

प्रिंटवर रंग भरून चालणार नाही. एवढ्या मोठ्या कागदावर तो ठिपका जागा चांगली नखभर अडवतो. रंग भरला तर तिरप्या उजेडात चमकेल, आणि आई बोटही फिरवून बघते. करायचं तर निगेटिव्हवरच करायला हवं. काळा थर खरवडला की तिथून उजेड जातो, कागदावर काळं पाणी येतं. बाबांनी शिकवलेलं. चेहऱ्यावरचे पांढरे डाग काढायला शिकवलं होतं.

१५ नोव्हेंबर

केलं.

सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी. भिंगाखाली, सर्वांत बारीक सुईने. दोनदा घासलं, झालं. दादा त्या टोकापेक्षाही लहान होता. मग एक्कावन्नही कापून काढला, छापलेले तुकडे गोळा केले, आणि सगळं मागच्या अंगणात जाळलं. फिल्मचा धूर फार वाईट. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं म्हणून खपून गेलं.

नंतर मोरीत बसून रडले. एकतीस वर्षांत त्याच्यासाठी रडले नव्हते. पळून गेलेल्यावर नुसता राग येतो.

१६ नोव्हेंबर

मोठी प्रिंट झाली. कागद भिंतीला टाचला, नऊ मिनिटं उजेड दिला. मग मोरीत प्लास्टिक अंथरलं आणि गुडघ्यांवर बसून डेव्हलपर स्पंजाने फिरवला, फरशी पुसावी तसा. जवळून नुसते दाणे. चार पावलं मागे गेलं की बाबा, आई, आत्या. आत्याचं हसू तर असं की आवाज येईल!

उजवीकडे पाणी. स्वच्छ. तिरप्या उजेडात, पालथा हात फिरवून, भिंगाने, सगळ्या तऱ्हांनी बघितलं. जगात कोणालाही सापडणार नाही. माझ्या हातचं सर्वांत सफाईदार काम, आणि मी मागे सहीसुद्धा केली नाही.

१८ नोव्हेंबर

फ्रेमवाले घेऊन आले. आईने काच लावू दिली नाही, हात लावून बघता आलं पाहिजे म्हणे. "काच नको तर मग मी कशाला? नुसते चार बांबू ठोकायचे होते!" ते म्हणाले. आई म्हणाली, "बांबूच आहेत ते, पॉलिश केलेत एवढंच." बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना बघितलं. फोटो मात्र उद्या सकाळी बघणार. "ऊन सरळ भिंतीवर येतं तेव्हा."

बरं केलं मी. आज पहिल्यांदा तसं वाटलं.

१९ नोव्हेंबर

आई तासभर फोटोपुढे उभी होती. बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ उजवीकडे गेली, मान तिरपी करून, बोट पाण्यावरून सरकवत. आणि बोट थांबलं. नेमकं तिथे.

"इथे होता."

मी म्हटलं, कोण?

"आता कशाला लपवतेस? एवढा मोठा केलास, तुला दिसला असणारच. तू पहिली प्रिंट दाखवलीस तेव्हाच तुझ्या बाबांनी निगेटिव्ह दिव्याला धरून मला दाखवला होता. मग तुझ्या नकळत महिनाभर नावाडी लावून शोधला. तो नाही सापडला, सायकलही कोणी उचलली होती. बाबा म्हणाले, फोटो पोरीने काढलाय, तिला जन्मात कळता कामा नये. म्हणून मग मी वाट बघायला लागले."

बोट अजून पाण्यावरच होतं.

"एवढा एकच फोटो राहिला होता त्याचा शेवटचा. डोळे जायच्या आत एकदा मोठा बघावा म्हटलं. मला दिसत नाहीये गं. तू दाखव."