सटवाजीच्या मिशीची तपासणी

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत
१८ एप्रिल

चि. दीक्षास बाबांचा सप्रेम जयभीम, आणि पाकिटात मावतील तेवढे आईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. (हे वाक्य वाचून तुझी आई नुसतं "व्हय का?" म्हणाली. ती शेजारीच पाय पसरून बसली आहे.) जयंतीला तू येणार म्हणून मी तीन दिवस बसथांब्यावर जाऊन बसलो. चौथ्या दिवशी तुझ्याऐवजी तुझं पार्सल आलं. चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाच्या नशिबी लेकीऐवजी पार्सल यावं, हा एक प्रकारचा न्यायच. दोन वर्षं झाली बाळा. घर फार मोठं वाटतं.

तरीही मी तुझी आज्ञा पाळली. समाजमंदिराच्या खिडक्या लावून भर दुपारी अंधार केला आणि पार्सलातल्या तुझ्या तपासणीच्या पट्ट्यांवर भाषण ठोकलं. माझ्या लेकीनं बंगळुरात असा प्रतिपिंड घडवला आहे, जो लाखोंच्या गर्दीत आपला एकच पाहुणा ओळखतो. पाहुणा भेटला की प्रतिपिंडाच्या अंगचा दिवा लागतो, आणि निळी बॅटरी मारली की हिरवा दिसतो. मूत्रपिंडाचं दुखणं पट्टीवर आधीच कळतं. टपालवाल्याचंच काम, पत्ता जुळल्याशिवाय थैली सोडायची नाही. टाळ्या पडल्या. मग साध्या पाण्याचा थेंब टाकला (तुझ्या चिठ्ठीप्रमाणे यावर काहीच दिसायला नको होतं), तर पट्टी हिरवीगार. मी नळाच्या पाण्यावर ठपका ठेवून वेळ मारून नेली.

शेजारचा सटवाजी मात्र बाटलीत स्वतःचा नमुनाच घेऊन आला. पट्ट्या सरावाच्या आहेत, रोग्यासाठी नाहीत, असं तू ठळक अक्षरात लिहिलं होतंस. पण व्यासपीठावर चढलेला माणूस चिठ्ठी वाचत नाही. त्याची पट्टी पाण्याहून जास्त चमकली. मी चेहरा गंभीर केला, शास्त्रज्ञाच्या बापाला तो शोभतो म्हणून. सटवाजी घरी जाऊन खाटेवर आडवा झाला आणि मला बोलावून माझा हात धरला. म्हणाला, "रामजी, बांधावरचे आंबे वाऱ्यानं न्हाई पडले. मीच नेले. अकरा साल." मी माफ केलं. दोघंही रडलो.

तेवढ्यात त्याची बायको मिराबाई हिनं माझ्या हातातली बॅटरी घेऊन सहज नवऱ्यावर फिरवली. हात हिरवे, खाट हिरवी, मिशी तर लखलखीत. ती म्हणाली, "भावजी, मिशी बी बिमार हाय का?"

हळद, बाळा. सगळं गाव सध्या हळद वाळवून घासतंय, ती नखात, केसात, उंबऱ्यावर बसली आहे, आणि निळ्या उजेडात तीही चमकते. मीही सकाळी पोती उचलून तसेच हात नुसते धोतराला पुसून पट्ट्या वाटल्या होत्या. तुझा प्रतिपिंड निर्दोष आहे. सटवाजी मात्र उठून बसला आणि आंब्यांचा कबुलीजबाब परत घेऊन मोकळा झाला. कामात लक्ष दे. आमची काळजी करू नकोस, यायची घाई तर मुळीच नको.

तुझा,
बाबा

ता. क. हात तीनदा धुऊन मी माझीही पट्टी पाहिली. जराशी चमकली. घाबरण्यासारखं नाही, पण एकदा तू स्वतः पाहिलेलं बरं. शनिवारची गाडी संध्याकाळी सहाला पोचते. मी थांब्यावर असेन.

ता. क. २ (आईच्या अक्षरात). लेकरा, तुहे बाबा खोटं लिहून राहिले. त्यांची पट्टी चमकली न्हाई, मी बाजूलाच उभी होते. माही कोणी पाह्यलीच न्हाई. चार महिने झाले, माहे पाय सुजून राहिले. त्यांना सांगितलं न्हाई, ते हाय खाऊन बसतील. पाकीट मीच चिकटवून राहिले. वसमतच्या डॉक्टरकडं जाईन, पण तुह्या संगं. एक पट्टी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली हाय. आपल्या घरची हळद संपली, हात घासून घासून धुतले. तू ये.