अकरा दिवसांचा थोरला

१४ मार्च

आजपासून जेक्शेनच्या गॅरेजची पायरी चढणार नाही. निर्णय शेवटचा.

काल शेजारच्या शारशेनच्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ. अर्धं कोचकोर गाव हजर. मटणाची ताटं फिरत असताना जेक्शेन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आमच्या अगायची गाडी ठणठणीत आहे हो, बिघाड स्टीअरिंग आणि सीटच्या मध्ये बसलाय! शाळेतून रिटायर झाला, पण याचा डावा पाय अजून क्लचवर ड्यूटी करतो!

सगळे हसले. माझी बायको बुरुलसुद्धा हसली.

चौतीस वर्षं या गावाला मी फिजिक्स शिकवलं. म्हणून तर अख्खं गाव मला अगाय म्हणतं, म्हणजे मास्तर. इंजिनाचे चार स्ट्रोक फळ्यावर रंगीत खडूंनी मी काढत होतो, तेव्हा हा मागच्या अंगणात ग्रीस फासत होता.

बुरुल म्हणते, तुम्ही दोघं कुर्दाश, एका सालातले, एका बाकावरचे. कुर्दाशाने टर उडवायची आणि कुर्दाशाने राग धरायचा नाही, ही आपली रीत. मान्य. पण धाकट्याने थोरल्याला आधी सलाम करायचा, हीसुद्धा रीतच. मी त्याच्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे. तो येईल, सलाम करील, मग बघू. फार तर आठवडा.

२२ मार्च

काल नवरोझ, वसंताचा सण. त्या दिवशी रुसवे सोडायचे म्हणतात. त्याच्या घरून गव्हाच्या खिरीची वाटी आली, तो आला नाही. वाटीला हात लावला नाही.

अर्धी खाल्ली. अन्नावर राग नको.

९ एप्रिल

घरघर ऐकवेना, म्हणून कश्काला घेऊन शहरातल्या नव्या सर्व्हिस सेंटरला गेलो. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या घोड्याला आमच्याकडे कश्का म्हणतात. माझ्या करड्या गाडीचं एक दार पांढरं आहे, म्हणून ती कश्का. जुनं चेपलं तेव्हा जेक्शेननेच ते रातोरात बसवलं. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेचं फाटक रात्रीतून कसं पडलं हे गावाला अजून माहीत नाही. त्याला माहीत आहे. बोलला नाही कधी.

तो मुद्दा वेगळा.

सेंटरमध्ये पांढऱ्या फरश्या, कॉम्प्युटर, माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. कॉम्प्युटरची वायर कश्काला कुठे जोडायची ते तासभर शोधत होते. जोडायला जागाच नाही. शेवटी साहेब म्हणाले, आजोबा, हिला भंगारात द्या. जेक्शेनच्या तोंडून तीस वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता.

येताना घरघर वाढली. पण शास्त्रीय पद्धत ती शास्त्रीय पद्धत.

३ मे

इतकी वर्षं मेकॅनिकची गरज काय होती, कळत नाही. आज कार्ब्युरेटर स्वतः खोलला, साफ केला, बसवला. एक स्क्रू उरला. कारखान्यात सावधगिरी म्हणून एखादा जास्त घालत असणार.

गाडी सुरू होत नाही. इंजिनाला विश्रांती हवी.

४ मे

बुरुलने सकाळीच पीठ आणायला पाठवलं, तेही लांबच्या गिरणीतून, तेही चालत. जवळच्या दुकानात आहे की, म्हणालो. ते चिकट असतं म्हणे.

परत आलो, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! रात्रभर धातू आकुंचन पावतो आणि भाग आपापल्या जागी बसतात, हे बुरुलला नीट समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. थक्क झाली असावी.

ओट्यावर चहाच्या दोन वाट्या होत्या. या वयात बाईमाणसाची तहान वाढते. उरलेला स्क्रू डबीत सापडत नाही. मांजर.

१९ जून

ब्रेक पूर्ण माझ्या हाताखाली आले. काल दिवसभर झटलो तेव्हा लागत नव्हते. आज बुरुलने मेहुण्याकडे मेंढ्यांची लोकर बघायला पिटाळलं, तिथून आलो तर बोट टेकवलं तरी लागतात. बॉनेटखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं मिळाली. उंदीर झालेत.

जेक्शेन बिया फोडल्याशिवाय पाना उचलत नाही, हे उगाच आठवलं.

चहाच्या टपरीवर सांगितलं, ब्रेक मी केले. शारशेन एवढंच म्हणाला, शाब्बास अगाय. आणि चहात बघत बसला. लोकांना दुसऱ्याचं कौतुक जड जातं.

जेक्शेनचा सलाम अजून नाही. तीन महिने झाले. माणसाला एवढा ताठा बरा नव्हे.

२७ ऑगस्ट

इंजिनावर तेल सांडलेलं. तेलाचं झाकण वाकडं बसवलेलं, आटे चुकलेले. बॅटरीजवळ तेरा नंबरचा पाना पडला होता, मुठीला लाल लोकर गुंडाळलेला. जेक्शेनचा पाना मी अंधारातही ओळखीन.

पण जेक्शेन झाकण वाकडं बसवणार नाही. मेला तरी नाही. म्हणजे तो आला नव्हता. सिद्ध झालं.

पाना पुसून उशाखाली ठेवला.

१२ सप्टेंबर

आज बुरुल माझ्यावर ओरडली. एकोणचाळीस वर्षांत प्रथम.

म्हणाली, अहो अगाय, तो चार वेळा येऊन गेला! तुम्हाला मी गिरणीत पाठवायचं आणि त्याला चोरासारखं मागच्या दाराने आत घ्यायचं, लाज वाटायची मला! तो म्हणायचा, वहिनी, त्याला सांगू नका, स्वतः केलं म्हणून मिरवू दे त्याला, बरं वाटतं त्याला. आणि शेवटच्या खेपेला झाकण वाकडं का बसलं माहितीय? दिसत नाही त्याला! हाताने चाचपत होता सगळं!

डोळे गेलेत त्याचे. वर्षभरापासून जात होते. मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

त्याची मुलगी चोल्पोन आलीय. गुरुवारी त्याला तिच्याकडे परदेशात, नोवोसिबिर्स्कला नेणार, कायमचा. गॅरेज रिकामं झालं. बुरुल म्हणाली, उठा आणि आत्ता जा.

जाणार नाही असं नाही. पण लांबच्या प्रवासाला निघणारा थोरल्यांचा आशीर्वाद घ्यायला घरोघर जातो. माझं घर टाळून कसा जाईल? इथेच येईल. तेव्हा सगळं बोलू.

१६ सप्टेंबर

सकाळपासून तयार. दाढी नीट केली, उंच पांढरी टोपी घातली, कुत्रं बांधलं. काय बोलायचं ते पाठ केलं: जेक्शेन, झालं गेलं विसरलो. मग तो पाना परत द्यायचा. मग मिठी.

बुरुल बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून ठेवून चोल्पोनला सामान बांधू लागायला गेली.

चार वाजता शेजारी शारशेनकडे त्याचा आवाज आला. हसत होता. मग रस्त्यावर काठीची टकटक. आमच्या फाटकाशी थांबली.

मी बाकावर ताठ बसलो. सलाम बाहेरच्याने करायचा, धाकट्याने करायचा. दोन्ही बाजूंनी त्याचीच पाळी. श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. त्याला दिसत नाही हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. अंगण रिकामं आहे असंच वाटलं असेल त्याला.

टकटक निघून गेली. बोरसोक गार झाले.

१७ सप्टेंबर, सकाळी सात

मोकळी हवा घ्यायला निघतोय. पुलाच्या रस्त्याने. त्यांची मिनीबस आठला त्याच रस्त्याने जाते, हा योगायोग. पाना खिशात आहे.

१७ सप्टेंबर, दुपारी

पुलाच्या अलीकडे कश्का बंद पडली. बॉनेट उघडून उभा राहिलो. चार स्ट्रोक आठवले, पुढे काही आठवेना.

मिनीबस आली. कुणीतरी म्हणालं असेल, अगायची गाडी. थांबली. दार उघडलं आणि काठी टेकत तो उतरला. चोल्पोन ओरडत होती, बाबा, उशीर होतोय, विमान चुकेल! तो म्हणाला, पाच मिनिटं. माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पाना दिला. लाल लोकर अंगठ्याने चाचपली, थोडा हसला.

सगळं बोटांनीच केलं. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीकसा जेट काढला, तोंडाने फुंकर मारली, पेट्रोल थुंकला, बसवला. माझे डोळे धड असून मला स्क्रूची खाच दिसत नव्हती, कारण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, बस आत, लाव.

लागली.

मग तो खिडकीशी आला. हात छातीवर ठेवला, मान झुकवली आणि म्हणाला, अस्सलामु अलैकुम, दादा. पाय काढ क्लचवरून.

सहा महिने याचीच वाट बघितली. उत्तर दोन शब्दांचं. लहान पोरालाही येतं. काचेवर हात आपटला फक्त. त्याला कुठे दिसणार? क्षणभर कान देऊन उभा राहिला. मग वळला. ड्रायव्हरने हात धरून वर घेतला.

बस वळणाआड गेल्यावर आवाज फुटला. वालैकुम अस्सलाम. ऐकायला नदीवर फक्त गाई होत्या.

पाना त्याच्याच हातात गेला. ते बरं झालं.

२६ सप्टेंबर

आज चोल्पोनचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आहे तेवढीच नजर राहील. तो मागून विचारत होता, कश्का कशी आहे?

बुरुलने फोन माझ्यापुढे धरला. मी हाताने नको म्हटलं. घसा बसलेला आहे. उद्यापर्यंत बरा होईल, उद्या मी स्वतः करीन. परवा नक्की.

कश्का सोमवारपासून सुरू होत नाही. ते सांगू नकोस म्हणालो. छान चालते म्हण. आणि सांग, डावा पाय आता क्लचवर ठेवत नाही.

बुरुलने सांगितलं. तिकडून सूर्यफुलाची बी फोडल्याचा आवाज आला. मग लाइन कटली.